योनेजीनं रांजण धुतला

आमच्या गावात पाण्याला मोल नाही आणि झाडलोटीला अंत नाही. इबी नदीच्या खालच्या अंगाला जमिनीतून आपलं आपण पाणी उसळतं, ते दारातल्या दगडी कुंडीत पडतं, कुंडीतून चरात जातं आणि चरातून ओढ्याला मिळतं. बायका त्यात मुळे धुतात, काकड्या गार करतात. एखादं चुकार पान तरंगत आलं, तर ते शेजारणीच्या दारात जाऊ नये म्हणून आपणच उचलून घेतात. अशा गावातसुद्धा उशिमारु योनेजी हा माणूस स्वच्छतेसाठी नावाजलेला होता. यावरून काय ते समजा.

योनेजी धंद्यानं माळी. झाडं छाटायची, शेवाळ राखायचं, दगड बसवायचे, हे त्याचं काम. अंगानं काटकुळा, वय साठीला टेकलेलं. मान थोडी पुढं काढून चालायचा, जणू वाटेत कुणाचं तरी काही सांडलंय आणि ते यालाच सापडायचंय. वाळलेलं पान दिसलं की त्याचा हात शिवशिवायचा. एकदा एका मयताला गेला, उदबत्ती लावली, हात जोडले, आणि परत येताना त्या घरच्या पाइनखालच्या दोन काटक्या खिशात घालून आला. सवयच ती, त्याला काय करणार.

त्याची बायको मित्सुए म्हणायची, "हे मेल्यावर बुद्धाच्या स्वर्गात गेले, तरी कमळाखालचा चिखल उपसायला बसतील. मग कमळ सुकलं की मलाच हाक मारतील."

योनेजीला माळी केलं ते कुरिमोतो गेनपाची वस्तादांनी. हाड मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि हसणं तर ओढ्यापलीकडं ऐकू जाणारं. मिसरूड फुटायच्या आधीपासून योनेजी त्यांच्या हाताखाली राबला. कात्री कुठल्या कोनात धरायची, दगडाचं तोंड कुठं असतं आणि पाठ कुठं, शेवाळाला पाणी कधी द्यायचं आणि कधी मुद्दाम विसरायचं, हे सगळं त्याला वस्तादांनी दिलं. एक सोडून सगळं. ते एक म्हणजे रांजण.

हा रांजण वस्तादांच्या घरी ओसरीजवळ, हात धुवायच्या दगडी कुंडीखाली पुरलेला होता. पालथा पुरलेला. बुडाला भोक पाडलेलं, आणि वरून गोटे पसरलेले, म्हणजे दिसायला काहीच नाही. कुंडीतून बांबूच्या ओगराळ्यानं पाणी घ्यावं, हातावर घालावं. ते पाणी गोट्यांतून झिरपतं, भोकातून थेंबाथेंबानं आत, खालच्या मातीच्या तळीत साचलेल्या पाण्यावर पडतं, आणि मग जमिनीखालून आवाज येतो. कसा म्हणाल? शेजारच्या घरी कुणी वीणेची एकच तार छेडावी, आणि मधे भिंत असावी, तसा. एक थेंब वाजतो. मग काही नाही. आता संपलं म्हणून माणूस उठायला जावा, तर आणखी एक. या रांजणाला पुस्तकी नाव आहे, पण आम्ही त्याला नुसता 'वस्तादांचा रांजण' म्हणत आलो.

योनेजी तिशीत असताना एकदा त्या कुंडीशी गुडघे टेकून बसला होता. दोन गोटे सरकले होते, ते नीट करावेत, आणि जमलं तर आत डोकावावं, एवढंच मनात होतं. हातात लहान खुरपं होतं. ओसरीवरून वस्ताद गरजले, "हात काढ तिथून! ते तुझं काम नाही!"

दुसरे चार गडी बघत होते. योनेजीनं हात काढला. पुढं वस्ताद त्या गोष्टीवर एक अक्षर बोलले नाहीत, यानंही विचारलं नाही. पण ते वाक्य त्याच्या अंगात काट्यासारखं मोडून राहिलं. ज्याला सगळं दिलं त्याला हे एक दिलं नाही, म्हणजे वस्तादांच्या लेखी आपला हात कुठंतरी उणा पडला, असं त्यानं धरलं आणि धरूनच ठेवलं.

वस्ताद गेले तेव्हा योनेजीच त्यांच्या बागेचं बघू लागला. वस्तादांची बायको इनेकाकी त्या घरात एकटी राहिली. सकाळी उठली की ती आधी देव्हाऱ्याकडं जात नसे. आधी ओसरीवरून खाली उतरायची, ओगराळंभर पाणी हातांवर घालायची आणि वाकून उभी राहायची. जमिनीखालून थेंब वाजला की म्हणायची, "उठला म्हातारा." मग आत जाऊन वस्तादांच्या तसबिरीपुढं भात ठेवायची. बर्फ पडो, वारा सुटो, हा नेम चुकला नाही. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि योनेजीला सगळ्यांहून जास्त.

१९८५ सालच्या वसंतात, चेरीची फुलं गळून गेल्यावर, एक बाई गावात आली. मिनागावा सायोको नाव, नागोयाची. तिशीची असेल. केस मुलग्यासारखे कापलेले आणि बोलणं सरळ. गावात नवं रुग्णालय बांधत होते, आणि तिथं लोक बसून वाट बघतात त्या दालनासाठी संगीत करायचं काम तिला मिळालं होतं. तिनं कुठूनतरी रांजणाचं ऐकलं होतं. इनेकाकीनं तिला ओसरीवर बसवलं. योनेजी आणि मित्सुए बागेच्या कामाला आले होते, तेही टेकले.

"कसलं संगीत करता तुम्ही?" योनेजीनं विचारलं.

सायोकोनं पिशवीतून लहानसं टेपचं यंत्र काढलं आणि कळ दाबली. योनेजी गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला, देवळात बसतात तसा. एक सूर आला. मोठं अंतर गेलं. लांब कुठंतरी दुसरा सूर आला, आणि तोही विरून गेला.

बराच वेळ गेल्यावर योनेजीनं अदबीनं विचारलं, "सुरू कधी होणार?"

"मघाशीच झालंय, काका."

"मग आता थांबलंय का?"

"नाही. चालूच आहे."

मित्सुएनं तोंडाला एप्रन लावला. "यांच्यासारखंच आहे की! चालू आहे का बंद, बायकोलासुद्धा कळत नाही."

इनेकाकी मात्र डोळे मिटून बसली होती. "मला बरं वाटतंय," ती म्हणाली. "याला वा वा म्हणावं लागत नाही. चुलीवरच्या किटलीला कोण वा वा म्हणतं? पण किटली नसली की घर ओकंबोकं लागतं."

"तेच, आजी, अगदी तेच!" सायोको म्हणाली. "दवाखान्यात वाट बघत बसलेल्या माणसाला गाणं नको असतं. गाणं सारखं म्हणतं, माझ्याकडं बघ. त्याला शेजारी कुणीतरी गप्प बसलेलं हवं असतं."

योनेजीला हे पटलं. मित्सुएची शस्त्रक्रिया झाली होती, तेव्हा तो जुन्या दवाखान्याच्या बाकावर बसला होता. तिथल्या रेडिओवर कुणी बाई प्रेमाची गाणी म्हणत होती. तो आवाज त्याला अजून नको वाटायचा.

मग सायोको खाली उतरली, तिनं ओगराळ्यानं पाणी ओतलं आणि उकिडवी बसली. थेंब वाजला. ती हलली नाही. दुसरा वाजला. शेवटी पायाला मुंग्या येऊन तिला उठता येईना, तेव्हा इनेकाकीनं बखोटीला धरून उभी केली.

"मी यंत्रं घेऊन पुन्हा येते," ती जाताना म्हणाली. "माझ्याकडं तारेच्या टोकाला लावलेला एक बारीक माइक आहे. तो गोट्यांमधून खाली सोडीन. बाहेरून नाही ऐकायचं मला. मला आत जायचंय."

आत जायचंय! योनेजी घरी आला, मिसोचं सार प्यायला, अंघोळ करून गादीवर पडला, आणि तो शब्द काही त्याला सोडेना.

"ती आत जाणार म्हणे," तो म्हणाला.

"जाईना का," मित्सुए म्हणाली. "तुमच्या पोटात जाते का?"

"अगं, आत काय असेल? कधीपासूनचा गाळ, शेवाळ, बुरसा. पाहुणी येणार, ती वस्तादांच्या घराचं अंगण बघेल, ओसरी बघेल, आणि मग आत जाऊन तो बुरसा बघणार."

"माइकला डोळे असतात का?"

योनेजी गप्प झाला. पण गप्प होणं वेगळं आणि पटणं वेगळं.

आमच्याकडं पाहुणा यायचा म्हटला की दारापुढं पाणी शिंपडतात, उंबरा पुसतात, कुंडीतलं पाणी बदलतात. पाहुणा जिथपर्यंत येणार तिथपर्यंत घर धुवायचं, हा नियम. पाहुणा एक खोली पुढं येणार असेल, तर धुणंही एक खोली पुढं जातं. योनेजीनं तेच केलं. यात त्याचं काही चुकलं असं कोण म्हणेल?

सायोको यायच्या आधी इनेकाकी म्हाताऱ्यांच्या मंडळाबरोबर गेरोच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेली. जाताना म्हणाली, "योने, बाग झाडून ठेव. बाकी काही करत बसू नको."

त्यानं बाग झाडली. शेवाळातलं गवत चिमट्यानं काढलं. ओसरीची फळी पुसली. आणि मग तो कुंडीशी आला आणि गुडघे टेकून बसला. ओसरीवर ओरडायला आता कुणी नव्हतं. 'ते तुझं काम नाही' हे वाक्य तेवढं होतं. योनेजी मनात म्हणाला, वस्ताद, तुमच्या घरी पाहुणी यायचीय. तुमची अब्रू राखायची म्हणून हात लावतो.

त्यानं गोटे एकेक करून काढले, माती उकरली, आणि दोन्ही हातांनी मिठी मारून रांजण बाहेर घेतला. आतून तो काळा, बुळबुळीत, मऊ लागत होता. योनेजीचा जीव कासावीस झाला. इतकी वर्षं ही घाण! त्यानं काथ्याची घासणी घेतली आणि घासला. पाणी बदलून पुन्हा घासला. खालची तळी खरवडली. गोटे धुतले, ते अंड्यांसारखे पांढरे झाले. मग मित्सुए लोणच्याच्या बरण्या वाळवते तसा रांजण दिवसभर उन्हात पालथा घातला. खणखणीत वाळल्यावर पाणसळ लावून, सरळ बघून पुन्हा पुरला. माती दाबली, गोटे पसरले. मग उठून, कमरेवर हात ठेवून त्यानं बघितलं. असं नेटकं काम वस्तादांनाही जमलं नसतं, असं त्याला वाटलं. वाटलं आणि त्याचे कान लाल झाले, पण वाटलं.

मग त्यानं ओगराळंभर पाणी घातलं.

काही नाही.

आणखी एक घातलं. गोट्यांवरून पाणी गेल्याचा ओला आवाज आला, आणि पुढं काही नाही. बादली आणून ओतली. पाणी जमिनीनं घेतलं आणि परत काही दिलं नाही. योनेजी गोट्यांवर कान टेकवून आडवा झाला. त्याला त्याच्याच काळजाची धडधड ऐकू येत होती, बाकी खाली सगळं मुकं.

रात्री जेवताना त्यानं चॉपस्टिक उचलल्या नाहीत.

"काय मोडलं?" मित्सुएनं विचारलं.

त्यानं सांगितलं. ती आता काहीतरी झोंबणारं बोलेल म्हणून त्यानं खांदे आखडून घेतले. पण नाही. तिनं त्याच्या ताटातला मासा परत झाकून ठेवला आणि हळूच म्हणाली, "काकी उद्या येतील."

त्या एका वाक्यात सगळं आलं. पाहुणीचं सोडा. पाहुणीला दुसरा रांजण मिळेल. परवा सकाळी इनेकाकी ओसरीवरून उतरेल, पाणी घालेल, वाकून उभी राहील, आणि म्हातारा उठणार नाही. तो योनेजीनं घासून काढलेला असेल.

दुसऱ्या दिवशी तो कुंडीशी जाऊन बसला. संध्याकाळी इनेकाकी आली. गेरोच्या पाण्यात उकडलेली अंडी आणि मिठाईचा पुडा हातात, गाल गुलाबी. योनेजी उठून उभा राहिला. आता सांगावं, आता सांगावं असं म्हणेपर्यंत तिनं पुडा ओसरीवर ठेवला, आणि घरात पाऊलही न टाकता, हात धुवायला म्हणून कुंडीवर गेली. पाणी घातलं. वाकली.

योनेजीनं डोळे मिटून घेतले.

बऱ्याच वेळानं काकीचा आवाज आला. "गोटे पांढरे दिसतायत."

"हो."

"धुतलास?"

"धुतले."

"रांजण?"

"तोही धुतला, काकी."

"आतून?"

"आतून. घासून. उन्हात वाळवून." तो शेवाळावर बसला आणि त्यानं कपाळ टेकलं. "वस्तादांनी सांगितलं होतं हात लावू नको. मी लावला. मी त्यांना मुका केला."

काकीचे खांदे हलायला लागले. तिनं कुंडीच्या कडेला धरलं. योनेजीला वाटलं, रडते. त्यानं मान वर केली तर ती हसत होती! आधी तोंड दाबून, मग न दाबता, मग ओसरीवर बसून, मांडीवर थापा मारत. तशीच वळून ती घराकडं तोंड करून ओरडली, "ऐकलंत का हो! तुमचा योने तुमच्याच वळणावर गेला! घासलान्! घासलान् एकदाचा!"

योनेजी आ वासून बघत राहिला.

"अरे, तू बाहेरगावच्या कामावर होतास तेव्हा म्हाताऱ्यानं हेच केलं होतं," ती डोळे पुसत म्हणाली. "आमच्या लेकीला, तामाकीला, बघायला क्योतोची माणसं यायची होती. क्योतोची! जिभेवर साखर आणि पोटात लिंबू. याला वाटलं, ते हात धुतील, रांजण ऐकतील, तर तो आतून-बाहेरून लखलखीत पाहिजे. काढला, घासला, पुरला. आणि मुका."

"वस्तादांनी?"

"मग कुणी, मी? पाहुणे आले. मुलाची आई कुंडीवर गेली, हात धुतले, मान अशी वाकडी केली. आवाज नाही, काही नाही. आणि म्हणते कशी, 'अहाहा, किती खोल आवाज हो!' म्हातारा बीटासारखा लाल! मी आत तोंडात टॉवेल कोंबून बसले होते."

"मग?"

"मग काय, जुळलं लग्न. मुका रांजण ऐकून वा वा करणारी सासू मिळाली, पोरीनं नशीब काढलं."

योनेजीच्या घशातून हसू आलं, पण ते अर्ध्यावर अडलं. त्याला विचारायचं होतं ते दुसरंच होतं, आणि ते इतकी वर्षं आत राहून गंजलं होतं. "काकी, मग मला त्यांनी हात का लावू दिला नाही? माझ्या हातात काय उणं होतं?"

काकीचं हसू थांबलं. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"तू हे मनात धरून बसलायस? इतकी वर्षं?"

योनेजीनं मान खाली घातली.

"खुळा रे खुळा! अरे, तो म्हणायचा, योनेचा हात माझ्याहून सरस आहे, पण घासायची खोडही माझ्याहून दांडगी आहे. याच्यापुढं रांजण उघडला की हा घासणार. तो मुका झाला की मला सांगावं लागणार, घाबरू नको, माझाही झाला होता. मग क्योतोची गोष्ट निघणार. तेवढी लाज त्याला गिळता येईना. वस्ताद ना तो! म्हणून ओरडला. ओरडायचं आणि विषय संपवायचा, ही त्याची जुनी रीत. मला माहीत नाही होय?"

योनेजी उठला, कुंडीवर गेला आणि त्यानं तोंड धुतलं. पुष्कळ वेळ धुतलं. काटा निघतो तेव्हा आधी थोडं दुखतं आणि मग तिथं नुसती गार जागा राहते, तसं त्याला झालं होतं.

"पण रांजण बोलला ना पुढं?" तो पाठ न वळवताच म्हणाला.

"बोलला. कधी ते आठवत नाही. म्हातारा रोज शिव्या घालत पाणी ओतायचा. मी मुळे धूत होते आणि एकदम वाजला, एवढं आठवतं." मग तिनं ओगराळं उचलून जागेवर ठेवलं. "योने, मी हसले म्हणजे सोडून दिलं असं समजू नको. मला सकाळी तो लागतो. काहीतरी कर."

ते काहीतरी मित्सुएनं सांगितलं. योनेजीनं घरी येऊन सगळी हकिगत सांगितली, तेव्हा ती तांदूळ धूत होती. हात तसाच पाण्यात ठेवून म्हणाली, "वाळवला ना तुम्ही? खणखणीत? मग तो तहानलाय. नवं मातीचं भांडं आणलं की आपण आधी त्यात पेज शिजवतो. का? ते पेज पितं, त्याची छिद्रं बुजतात, मग गळत नाही. तुम्ही जुन्या रांजणाला नवा करून ठेवलाय. पाजा आता त्याला."

"पेज?"

"पेज कशाला? हे धुवण न्या." तिनं तांदळाचं पांढरं पाणी पुढं केलं.

योनेजीनं त्या गढूळ पाण्याकडं बघितलं. स्वतः घासलेल्या रांजणात हे ओतायचं! त्याच्या चेहऱ्यावरची कळा बघून मित्सुएला त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. "चला, कमळाखाली चिखल घालायची वेळ आली."

सायोको आली ती पेट्या, तारा, टेपची मोठी यंत्रं घेऊन. योनेजी दारातच गुडघ्यांवर बसला आणि डोकं जमिनीला लावून त्यानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिच्या हातातली पेटी खाली आली.

"म्हणजे मी 'आत जायचंय' म्हटलं म्हणून?"

"माझीच चूक, बाई."

"नाही हो काका, माझी!" तीही त्याच्यापुढं बसली आणि तिनं डोकं टेकवलं. त्यानं आणखी खाली टेकवलं. तिनं त्याहून खाली. कुणीच वर येईना.

"उठा दोघंही," ओसरीवरून काकी म्हणाली. "शेवाळ चिरडतंय."

सायोकोनं तरीही तारेच्या टोकाचा तो बारीक माइक गोट्यांमधून खाली सोडला. योनेजी म्हणाला, काही नाही तिथं. ती म्हणाली, बघू तर. तिनं कानाला लावायचं यंत्र लावलं, ओगराळंभर धुवण ओतायला सांगितलं आणि डोळे मिटले. मग एकदम डोळे उघडून तिनं ते यंत्र काढलं आणि योनेजीच्या कानांवर चढवलं.

आधी त्याला नुसती खोली ऐकू आली. विहिरीत तोंड घातल्यावर ऐकू येते तशी. मग त्या खोलीत एक बारीक सरसर. मग चुटक, चुटक, फुस्स. दूध पिताना वासरू मधेच श्वास घेतं, तसं काहीतरी. मातीच्या अंगातून हवेचे बुडबुडे निघत होते आणि त्यांच्या जागी पाणी शिरत होतं.

"पितोय," योनेजी कुजबुजला. आवाज मोठा केला तर रांजण दचकेल असं त्याला वाटत होतं. "काकी, पितोय तो! जिवंत आहे!"

त्या क्षणी त्याच्या छातीवरून जे उतरलं, ते दगड बसवणाऱ्यालाच कळेल. दगड जागेवर बसला, दोर सैल झाला, आणि हात आपोआप हलके होऊन वर आले, तसं. काकीनं ऐकलं, मित्सुएनं ऐकलं. मित्सुए म्हणाली, "हे तुमच्यासारखं नाही. तुम्ही पिताना याहून जास्त आवाज करता."

सायोकोनं ते सगळं टेपवर घेतलं. मग म्हणाली, "मी गावातच एक खोली घेते. रुग्णालय शरदात उघडायचंय. मला घाई नाही."

मग गल्लीचा एक नवाच नेम सुरू झाला. सकाळी तांदूळ धुतले की बायका धुवण घेऊन इनेकाकीच्या दारात. "पाहुण्याला पाजायला आणलंय हो," म्हणायच्या. कुणी येताना शिळी पेज पातळ करून आणली. योनेजी प्रत्येक ओगराळ्यागणिक तोंड वाकडं करायचा आणि ओतायचा. गोट्यांचा पांढरेपणा गेला. भोकाच्या तोंडाशी हिरवट झाक आली. सायोको कधी यंत्र लावून बसायची, कधी नुसतीच बसायची. तिला काय ऐकू येतं ते योनेजीनं विचारलं, तर म्हणाली, "ओढा. तुमची कात्री. समोरच्या घरातली शिवणाची मशीन. आणि सगळे कशाची तरी वाट बघतायत, ती वाट."

असं करता करता भाताची लावणी जवळ आली. गोड पाणीदार मिठाईचे दिवस आले. दारूच्या लहान पेल्यांत लावलेली, झऱ्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेली ती गुळगुळीत मिठाई इनेकाकीनं आणली, आणि सगळे ओसरीवर खात बसले. मित्सुए आणि काकी यांच्यात वाद लागला होता. काकी म्हणत होती की क्योतोच्या त्या सासूला खरंच काहीतरी ऐकू आलं असेल. मित्सुए म्हणत होती की तिला फक्त हुंडा ऐकू आला असेल. बोलता बोलता मित्सुएनं रिकामे पेले विसळले आणि ते पाणी, ओसरीवरूनच, कुंडीखालच्या गोट्यांवर फेकलं.

"आणि मुलाच्या आईची एवढी—"

टिंग.

मित्सुएचं तोंड उघडं राहिलं.

कुणी हललं नाही. सायोकोचा हात यंत्राकडं गेला आणि वाटेतच थांबला. समोरची शिवणाची मशीनसुद्धा थांबल्यासारखी वाटली. माणसं कशी, श्वास घ्यायलाही परवानगी मागावी अशी बसून राहिली. आता नाही, आता नाही, आणि मग जमिनीखालून, जरा खालच्या सुरात, थोडा घोगरा, झोपेतून उठलेल्या माणसासारखा दुसरा थेंब वाजला.

"उठला मेला," इनेकाकी म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती मिठाई खातच होती.

योनेजी खाली उतरला. गोट्यांपाशी गेला. तिथं मेपलचं एक पान पडलं होतं, अर्धं कुजलेलं. त्याचा हात शिवशिवला, पुढं गेला. त्यानं तो परत आणला आणि खिशात घातला. वर बसलेल्या मित्सुएनं हे बघितलं, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिला काही बोलायला सुचलं नाही.

पण खोटं कशाला सांगा. दुसऱ्या दिवशी त्यानं ते उचललंच.

शरदात, दारोदारी सोललेल्या पर्सिमन फळांच्या माळा वाळत लटकल्या तेव्हा, नवं रुग्णालय उघडलं. इनेकाकीचा गुडघा धरला होता, म्हणून योनेजी तिला घेऊन गेला. दालन मोठं, खिडक्या उंच, बाकांवर माणसं वाट बघत बसलेली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या मांडीवर पोर. गाणं काही लागलेलं नव्हतं. नुसती शांतता होती, पण ती ओकीबोकी नव्हती, कुणीतरी शेजारी बसल्यासारखी होती. कुठंतरी काहीतरी हळू पीत होतं, बारीक सरसर, चुटक. मग लांब अंतर. मग एक थेंब.

शेजारचा म्हातारा अस्वस्थ होऊन उठायला लागला. "नळ टपकतोय कुठंतरी. सांगायला पाहिजे त्यांना."

"बसा हो," योनेजी त्याला म्हणाला. "टपकू दे."

आतून नर्सनं हाक मारली, "कुरिमोतो इने!"

काकीनं डोळे उघडले नाहीत. एक बोट तेवढं वर केलं. "थांब गं बाई," ती म्हणाली. "अजून एक पडायचाय."

नर्स दारात उभी राहिली. आणि तो पडेपर्यंत उभीच राहिली.